पडदा कोणाच्या हाती? : आरंभीच्या डच काष्ठमुद्रांतील नीतिरूपक आणि प्रतीक

१

प्रतीक आणि रूपक यांची प्रतवारी लावण्याची सवय आपल्या समीक्षेला फार पूर्वीपासून जडलेली आहे. येथे 'रूपक' हा शब्द अलंकारशास्त्रातील अर्थाने किंवा दृश्यकाव्याच्या अर्थाने योजलेला नाही. इंग्रजीत ज्याला 'ॲलिगरी' म्हणतात त्या रचनाप्रकाराविषयी मी बोलत आहे. मराठीत त्यासाठी 'रूपककथा' ही संज्ञा रूढ असली तरी चित्राच्या संदर्भात ती पुरी पडत नाही. म्हणून नैतिक आशयाच्या अशा रचनेला प्रस्तुत लेखात मी 'नीतिरूपक' म्हणेन.

या प्रतवारीचे स्वरूप सर्वपरिचित आहे. प्रतीक सेंद्रिय, अनेकार्थसूचक आणि म्हणून श्रेष्ठ. नीतिरूपक यांत्रिक, एकार्थी आणि म्हणून कनिष्ठ. ग्योटेने हा भेद मांडला आणि कोलरिजने १८१६ मध्ये तो इंग्रजी समीक्षेत रुजवला. नीतिरूपक म्हणजे अमूर्त कल्पनांचे चित्रभाषेत केलेले भाषांतर, ही त्याची धारणा पुढे जवळजवळ पाठ्यपुस्तकी सत्य होऊन बसली. वाल्टर बेंजामिनने १९२८ मध्ये जर्मन शोकनाट्याच्या निमित्ताने आणि पॉल डी मानने १९६९ मध्ये कालतत्त्वाच्या अंगाने या धारणेला धक्के दिले. तरीही वर्गात शिकवताना आपण जुन्याच वाटेने जातो. फळ्यावर दोन रकाने आखावयाचे, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे अर्थ लिहावयाचा, आणि रकाने भरले की रूपक 'उलगडले' असे मानावयाचे. पदव्युत्तर वर्गांना शिकवताना मीही हे रकाने अनेक वर्षे भरले आहेत, हे कबूल केले पाहिजे.

ही रकान्यांची पद्धत जेथे सर्वांत निर्वेधपणे चालेल असे वाटते, असे एक क्षेत्र या लेखासाठी मुद्दाम निवडले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेदरलंडिश प्रदेशात, म्हणजे आजच्या हॉलंड-बेल्जियमच्या परिसरात, लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर छापलेली बोधपर चित्रे हे ते क्षेत्र होय. ही चित्रे स्वस्त होती, उघडपणे उपदेशपर होती, आणि त्यांतील बहुतेकांवर अर्थ सांगणारे शब्दही कोरलेले किंवा छापलेले होते. डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९१९ च्या आपल्या मध्ययुगविषयक ग्रंथात या काळातील प्रतीकविचाराचे जे वर्णन केले ते ऱ्हासाचेच आहे. प्रत्येक कल्पनेला शरीर देण्याच्या अतिरेकात प्रतीकाचा प्राण गेला आणि उरली ती निव्वळ मूर्तिकरणाची खेळी, असा त्याचा निष्कर्ष होता. नीतिरूपक कोठे खरोखर मेलेले असेल तर ते येथेच असावयास हवे.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. या चित्रांत वस्तूला चिकटवलेला अर्थ असा नसतोच. वस्तू कोणाच्या हाती आहे, वाक्य कोणाच्या मुखी आहे, आणि आधीच्या व नंतरच्या चित्रात काय घडते, यांवरून अर्थ ठरतो. म्हणजे तो स्थानाचा आणि क्रमाचा अर्थ असतो. नीतिरूपकाचे नैतिक बळ आणि त्याचा नैतिक धोका ही दोन्ही याच गुणातून उद्भवतात. तीन उदाहरणांच्या आधारे हे दाखवण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

पहिले उदाहरण 'आर्स मोरिएंदी' म्हणजे 'मरणाची कला' या ठोकळा-पुस्तकाचे. ठोकळा-पुस्तकात सुटे खिळे नसतात. चित्र आणि अक्षरे दोन्ही लाकडातच उलटी कोरलेली असतात. शाई लावलेल्या ठोकळ्यावर कागद ठेवून तो पाठीमागून घासून ठसा उमटवला जाई, त्यामुळे कागदाची एकच बाजू छापता येई. ही पुस्तके गुटेनबर्गच्या आधीची, मुद्रणाची पहिली पायरी होत, असा समज दीर्घकाळ होता. ॲलन स्टीव्हन्सनने १९६० च्या दशकात कागदांतील जलचिन्हांचा अभ्यास केल्यावर या समजाला तडा गेला आणि प्रमुख ठोकळा-पुस्तकांचा काळ १४६० च्या दशकाकडे सरकला. म्हणजे ती खिळ्यांच्या छपाईची पूर्वज नसून तिची समकालीन ठरली.

'आर्स मोरिएंदी'ची रचना अत्यंत नेटकी आहे. त्यात अकरा चित्रे असून प्रत्येक चित्रासमोर मजकुराचे एक पान आहे. मरणशय्येवरील माणसाला पाच मोह पडतात, ते असे : अश्रद्धा, निराशा, असहिष्णुता, अहंकार आणि लोभ. प्रत्येक मोहाच्या चित्रानंतर देवदूताने दिलेल्या धीराचे चित्र येते. अकराव्या चित्रात माणूस मरतो आणि त्याचा आत्मा लहान बालकाच्या रूपाने देवदूतांच्या हाती जातो. प्रास्ताविकात असे स्पष्ट सांगितले आहे की अक्षरे केवळ साक्षरांच्या उपयोगाची आहेत, चित्रे मात्र साक्षर आणि सामान्य जन या दोघांच्याही. चित्रांतील अक्षरपट्ट्या लॅटिनमध्ये आहेत, म्हणजे बहुसंख्य प्रेक्षकांना त्या वाचता येत नसणार. त्यांच्यापुढे उरतात शरीरे, हावभाव आणि वस्तू.

पहिल्या चित्रात शय्येच्या मागे पिता परमेश्वर, ख्रिस्त आणि मरिया उभे आहेत. परंतु ते आजाऱ्याला दिसू नयेत म्हणून सैतानाने एक कापड ताणून धरले आहे. पायथ्याशी राजा-राणी मूर्तीपुढे गुडघे टेकून आहेत, एक जण स्वतःच्या गळ्याला सुरी लावतो आहे, आणि पंडितांचा वाद चालू आहे. रकान्यांच्या पद्धतीने वाचणारा येथे लगेच लिहील : कापड म्हणजे अज्ञान, कापड म्हणजे अश्रद्धा. चित्रानेच त्याला तशी मुभा दिली आहे असेही वाटेल.

आता दहाव्या चित्राकडे वळावे. लोभाच्या मोहावर देवदूत येथे उतारा देतो आहे. शय्येच्या एका बाजूला क्रुसावरील ख्रिस्त आहे. दुसऱ्या बाजूला आजाऱ्याचे आप्तजन आहेत. आणि हे आप्तजन त्याच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून देवदूताने त्यांच्यापुढे कापड धरले आहे. जे उपकरण पहिल्या चित्रात सैतानाचे होते तेच दहाव्यात देवदूताचे झाले आहे. झाकणे ही क्रिया तीच, कापडही तसेच. फरक एवढाच की कोण कोणापासून काय झाकतो. उजव्या रकान्यात कापडापुढे लिहिलेला 'अश्रद्धा' हा शब्द येथे पुसावा लागतो, आणि त्याच्या जागी 'श्रद्धा' लिहिला तर पहिले चित्र खोटे पडते.

यावर असा आक्षेप घेता येईल की कारागिराच्या हाताला सवयीचा असलेला एक दृश्यप्रकार दोनदा उतरला, एवढ्यावरून सिद्धान्त उभारणे योग्य नव्हे. परंतु हीच गोष्ट वाक्यांच्या बाबतीतही घडते, आणि तेथे सवयीचे स्पष्टीकरण लागू पडत नाही. अहंकाराच्या मोहाचे चित्र क्रमाने सातवे आहे. त्यात सैतान आजाऱ्याला मुकुट देऊ करतात, आणि त्यांच्या पट्ट्यांवर काय लिहिले आहे? तू श्रद्धेत अढळ आहेस. तू सहनशीलतेत टिकून राहिलास. तू मुकुट मिळवलास. या वाक्यांत असत्य काही नाही. मागील सहा चित्रांत त्याने नेमके हेच केले आहे : अश्रद्धेवर मात केली, निराशा झटकली, असहिष्णुता आवरली. देवदूताच्या तोंडी हीच वाक्ये आली असती तर ती पावती ठरली असती. सैतानाच्या तोंडी ती सापळा ठरतात. सद्गुणाचे सत्य विधानच मोहाचे साधन होते. नवव्या चित्रात तर हे अधिक बोचरे आहे. घर, पिंपांनी भरलेले तळघर, तबेल्यात नेला जाणारा घोडा हे सारे दाखवत असताना सैतान सुचवतो की आप्तेष्टांची तरतूद कर. ही सूचना कोणत्याही दिवशी कोणत्याही गृहस्थाला सद्वर्तनाची वाटेल. मरणाच्या घटकेला, या मुखातून, ती लोभाची होते.

याचा अर्थ या चित्रांत चांगले-वाईट धूसर आहे असा मुळीच नाही. देवदूत देवदूत आहे आणि सैतान शेपूट-शिंगांसह सैतान आहे. त्याबाबत कोणाही प्रेक्षकाच्या मनात संदेह राहू नये याची पूर्ण दक्षता घेतलेली आहे. साध्य स्थिर आहे. साधने मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारी आहेत. किंबहुना या पुस्तकाने शिकवलेली 'कला' हीच असावी, असे म्हणण्यास जागा आहे. मरणाऱ्याने चिन्हांचे अर्थ पाठ करावयाचे नाहीत, तर बोलणारा कोण हे ओळखावयाचे. असहिष्णुतेच्या चित्रातील माणूस शुश्रूषा करणाऱ्याला लाथ मारतो, बाजूचे मेज उलटे पडते, आणि सैतान आपण त्याला किती छान फसवले म्हणून खूश होतो. फसवणूक हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाप ही येथे आधी वाचनातील चूक आहे आणि मग आचरणातील.

३

दुसरे उदाहरण लायडनचा चित्रकार लुकास फान लायडन (मृत्यू १५३३) याच्या एका मोठ्या काष्ठमुद्रेचे. सुमारे १५१८ ते १५२० या काळातील ही मुद्रा मद्यगृहातील प्रसंगाची आहे आणि तिचा एकच ठसा आज ज्ञात आहे; तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ताम्रमुद्रा संग्राहकांच्या संचिकांत जपल्या गेल्या. मोठ्या आकाराच्या काष्ठमुद्रा बहुधा भिंतीवर चिकटवल्या जात आणि भिंतीबरोबरच नाहीशा होत.

प्रसंग साधा आहे. एक उंची पोशाखातील तरुण मेजाशी बसला आहे. शेजारची स्त्री त्याला लाडाने गोंजारते आहे आणि त्याच वेळी तिचा दुसरा हात त्याच्या पैशाकडे गेला आहे. खिडकीतून एक विदूषक डोकावतो. त्याच्याजवळ अक्षरपट्टी आहे आणि तिच्यावरील वाक्याचा आशय असा की पुढे काय होते ते पाहा, वारा कोणीकडे नेतो ते पाहा. वाक्यातील मुख्य क्रियापद डच भाषेत नौकेने जाणे, प्रवास करणे आणि एखाद्याचे बरेवाईट होणे या सर्व अर्थांना सामावून घेते.

या चित्राला 'उधळ्या पुत्रा'च्या बायबलमधील दृष्टान्ताशी जोडण्याची परंपरा आहे. कोनराड रेंगर या जर्मन अभ्यासकाने १९७० मध्ये उधळ्या पुत्राचे विषय आणि मद्यगृहाची दृश्ये यांच्या परस्परसंबंधाचा जो मागोवा घेतला त्यातून दिसते की दृष्टान्तातील एक प्रसंग हळूहळू सुटा झाला आणि त्यातून जगरहाटीचे स्वतंत्र दृश्य निर्माण झाले. सुटे होण्याची ही प्रक्रिया आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दृष्टान्तात मद्यगृहाच्या आधी पित्याचे घर आहे आणि नंतर पित्याची क्षमा आहे. चित्राने मधला एकच क्षण उचलला. आधी आणि नंतर दोन्ही गळून पडले.

मग नीतीचे काय झाले? ती विदूषकाच्या वाक्यात गेली, आणि ते वाक्य भविष्याकडे बोट दाखवते. 'आर्स मोरिएंदी'त अकरा चित्रांनी जो क्रम दाखवला तो येथे एका क्रियापदाच्या भविष्यकाळात सामावला आहे. चित्रात न दिसणारे पुढचे चित्र प्रेक्षकाने मनात काढावयाचे आहे. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हेही चित्राने ठरवलेले नाही. तरुणाला म्हणावे तर त्याचे लक्ष स्त्रीकडे आहे, त्याला ते ऐकू गेलेले नाही. प्रेक्षकाला म्हणावे तर त्याची स्थिती अवघड होते. चोरी घडताना तो पाहतो आहे, त्याला सावध केले जात आहे, आणि त्याला करता येण्यासारखे काहीच नाही, पाहण्याखेरीज. शिवाय हे सांगणारा विदूषक आहे. तो स्वतः शहाणा आहे की मूर्ख? तो आत आहे की बाहेर? खिडकी ही जागाच अशी आहे की त्याचे डोके आत आणि धड बाहेर असते. देवदूत आणि सैतान या दोघांची जागा येथे एकट्या विदूषकाने घेतली आहे, आणि त्याचबरोबर बोलणारा कोण हे ओळखण्याची जी खात्री 'आर्स मोरिएंदी'च्या प्रेक्षकाला होती ती गेली आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. त्या स्त्रीच्या दोन हातांवर हे सारे चित्र तोललेले आहे. एक हात लाड करतो, दुसरा लुटतो. स्त्रीच्या शक्तीपुढे पुरुष कसे हतबल झाले याच्या काष्ठमुद्रामालिका लुकासने याच दशकात केल्या होत्या. आदम, शमशोन, शलमोन ही त्यांतील काही नावे. त्या मालिकांत दोषाचे स्थान निश्चित होते. मद्यगृहाच्या चित्रात ते तितके निश्चित राहत नाही, कारण तरुणाला दोन्ही हातांपैकी एकच हात हवा आहे आणि तो त्याने स्वतः निवडला आहे. तरीही या नीतीला स्त्रीचे शरीर मोहाच्या चिन्हाखेरीज अन्य कोणत्या रूपात दिसत नाही, हे झाकण्यात अर्थ नाही. तिसऱ्या उदाहरणात हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

४

कॉर्नेलिस अँथनीस हा ॲमस्टरडॅमचा चित्रकार आणि नकाशाकार. त्याने १५४४ मध्ये बारा ठोकळ्यांवर कोरलेला ॲमस्टरडॅमचा विहंगमदृश्य नकाशा प्रसिद्ध आहे. ज्या हाताने शहराचे कालवे आणि घरे मोजून मांडली त्याच हाताने १५४१ मध्ये सहा काष्ठमुद्रांची एक नीतिकथा रचली. नायकाचे नाव सोर्गेलोस, म्हणजे बेफिकीर. त्याच्याबरोबर वेल्डे (विलास) आणि गेमाक (आराम) आहेत. उत्तरार्धात आर्मोड (दारिद्र्य) आणि पोव्हर (दैन्य) येतात. शेवटची दोन नावे जवळजवळ समानार्थी आहेत. एक अस्सल डच, दुसरे फ्रेंचमधून आलेले.

येथे शब्दाची जागा पुन्हा बदलली आहे, आणि या बदलामागे मुद्रणतंत्राचेही कारण आहे. लाकडी ठोकळा आणि धातूचा खिळा दोन्ही उठावाच्या पृष्ठभागाने छापतात. दोन्ही एका चौकटीत बसवून एकाच दाबयंत्राखाली छापता येतात. त्यामुळे चित्राखाली खिळ्यांनी जुळवलेली पद्ये छापणे सोपे झाले. 'आर्स मोरिएंदी'त शब्द पात्रांच्या मुखाजवळ होते. लुकासच्या चित्रात ते खिडकीत गेले. सोर्गेलोसच्या कथेत नावे पात्रांना मिळाली आणि बोध चित्राखाली उतरला. शब्द जसजसा चित्राच्या बाहेर गेला तसतसा तो अधिक ठाम झाला आणि चित्र अधिक मोकळे झाले, असा माझा तर्क आहे.

कथा अशी. सोर्गेलोस घोड्यावरून डौलाने निघतो. विलास त्याच्या मागे बसलेली आहे. पुढे मद्यगृह, नाच, खेळ. पैसा संपताच विलास आणि आराम त्याला सोडतात. मग दारिद्र्य आणि दैन्य त्याचे सोबती होतात. शेवटचे चित्र एका दरिद्री स्वयंपाकघराचे आहे. चुलीत जळण म्हणून पेंढा घातला जात आहे.

ही कथा म्हणजे उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचाच सांगाडा. फक्त तिच्यात पिता नाही. परतण्यासाठी घर नाही, क्षमा नाही, मारलेले पुष्ट वासरू नाही. दृष्टान्तात दारिद्र्य हा वाटेतील मुक्काम होता. येथे ते अखेरचे ठाणे आहे. 'एल्करलैक' या डच नीतिनाट्याशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. सुमारे १४९५ मध्ये डेल्फ्ट येथे छापलेले हे नाटक आपल्या विद्यार्थ्यांना 'एव्हरीमॅन' या इंग्रजी रूपात परिचित असते. त्यातही मित्र, आप्त आणि धन नायकाला सोडून जातात, परंतु त्या सोडण्यातूनच त्याचा मोक्षमार्ग मोकळा होतो. 'आर्स मोरिएंदी'त माणसाने आप्तांना सोडावयाचे असते, 'एल्करलैक'मध्ये आप्त माणसाला सोडतात, आणि दोन्हींत सोडणे हे वर जाण्याची पायरी असते. सोर्गेलोसला सोबती सोडतात आणि तो फक्त खाली येतो.

पिता का नाहीसा झाला असावा? याचे उत्तर केवळ कलापरंपरेत शोधून चालणार नाही. ईप्र शहराने १५२५ मध्ये गरिबांच्या मदतीची नवी व्यवस्था केली. पुढच्या वर्षी हुआन लुइस व्हिव्हेसचा दरिद्र्यांच्या साहाय्यावरील ग्रंथ ब्रूज येथे निघाला. आणि १५३१ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने नेदरलंडिश प्रांतांसाठी भिक्षेला मनाई करणारा आणि मदतनिधी एकत्रित करणारा आदेश काढला. या सर्व व्यवस्थांच्या मुळाशी एक भेद होता : काम करू न शकणारा गरीब आणि काम न करणारा गरीब. पहिला मदतीस पात्र, दुसरा दोषी. ॲमस्टरडॅमने तर १५३५ च्या मे महिन्यात ॲनाबॅप्टिस्टांचा नगरभवनावरील हल्लाही अनुभवला होता. अशा शहरात, अशा दशकात, दारिद्र्य हे बेफिकिरीचे फळ होय असे सांगणारी सहा चित्रे निघतात. ज्याच्या घरी चित्र विकत घेण्याइतके पैसे आहेत त्याला ती सांगतात की तू वाचलास तो तुझ्या सावधपणामुळे. आणि दारात उभा असलेला माणूस गरीब आहे तो त्याच्या वर्तनामुळे. क्षमा करणाऱ्या पित्याची जागा हिशेब करणाऱ्या नागरिकाने घेतली आहे.

नीतिरूपकावर कोणता खरा आक्षेप घ्यावयाचा असेल तर तो हा आहे. ते यांत्रिक आहे हा आक्षेप सौंदर्यशास्त्राचा आणि तुलनेने सौम्य. ते कार्यकारणाचा क्रम स्वतः रचते आणि तो जगाचाच क्रम म्हणून पुढे करते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्रमातून अर्थ निर्माण करण्याची जी शक्ती आपण 'आर्स मोरिएंदी'त पाहिली तीच येथे अन्यायाचे साधन होते. आधी विलास, मग दारिद्र्य. म्हणून विलासामुळे दारिद्र्य. जन्मतः दरिद्री असलेल्या माणसाला या क्रमात जागाच नाही.

जागा नाही, असे चित्राखालचा बोध म्हणतो. चित्र काय म्हणते?

मूर्तिकरणाची एक अपरिहार्य अट आहे. कल्पनेला दिसावयाचे असेल तर तिला शरीर घ्यावे लागते, शरीराला कपडे लागतात, आणि ते राहते म्हटले म्हणजे घर लागते. दारिद्र्य ही कल्पना एका दरिद्री स्त्रीच्या रूपाने येते, दैन्य एका दीन पुरुषाच्या रूपाने. ही दोघे सोर्गेलोसच्या आधीपासून गरीब आहेत. त्यांनी कोणता विलास केला होता? ती कोणत्या घोड्यावरून निघाली होती? कथेकडे याचे उत्तर नाही, कारण कथेच्या लेखी ती माणसे नाहीत, नावे आहेत. परंतु प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे ती माणसेच आहेत, आणि चुलीजवळ आपले काम करीत आहेत. विलासाने ज्याला बाहेर काढले त्याला दारिद्र्याने घरात घेतले आहे. पेंढा हे गरिबाचे अंथरूणही असते आणि जळणही. तो क्षणभर भडकून विझतो हे संपत्तीच्या क्षणभंगुरतेचे चिन्ह म्हणून वाचता येईल, आणि कोणी तसे वाचले तर ते चूक नव्हे. पण चिन्ह होण्याआधी तो एका थंड घरात तीन जणांसाठी केलेला जाळ आहे. येथेही स्त्रीच्या दोन रूपांवर कथा तोललेली आहे, मात्र लुकासच्या चित्रात एकाच स्त्रीला असलेले दोन हात येथे दोन स्त्रियांत वाटले गेले आहेत. विलास घेते आणि जाते; दारिद्र्य राहते.

शहराचा नकाशा मोजणाऱ्या अँथनीसला हे दिसले होते काय, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. बोध लिहिण्यासाठी एक वाक्य पुरते, चित्र काढण्यासाठी मात्र खोली काढावी लागते, आणि खोलीत वाक्यापेक्षा अधिक गोष्टी मावतात.

५

नेदरलंडिश कलेच्या अभ्यासात वस्तूंच्या अर्थाविषयी दोन प्रबळ भूमिका आहेत. एर्विन पॅनोफ्स्कीने १९५३ च्या आपल्या ग्रंथात आरंभीच्या नेदरलंडिश चित्रकलेतील 'प्रच्छन्न प्रतीकवाद' मांडला. त्याच्या मते घरगुती वस्तूंच्या आड धार्मिक अर्थ दडलेले असतात. स्वेतलाना आल्पर्सने १९८३ मध्ये सतराव्या शतकातील डच चित्रकलेच्या संदर्भात याच पद्धतीला विरोध केला; ही कला अर्थ दडवत नाही, ती पाहते आणि वर्णन करते, अशी तिची भूमिका होती. एकीसाठी अर्थ वस्तूच्या मागे आहे, दुसरीसाठी तो वस्तूच्या पृष्ठभागावरच आहे. दोन्ही भूमिका तैलचित्रांच्या अभ्यासातून आलेल्या आहेत, म्हणजे भिंतीवर एकेकटी टांगली जाणारी, अक्षरे क्वचितच असणारी चित्रे त्यांच्यापुढे आहेत. काष्ठमुद्रा अशा नाहीत. त्या मालिकेत येतात, शब्दांसह येतात, आणि त्यांचे ठोकळे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जातात. झ्वोले येथील मुद्रक पीटर फान ओस याने १४८७ पासून 'बिब्लिया पाउपेरम' या ठोकळा-पुस्तकाचे ठोकळे कापून त्यांचे तुकडे आपल्या इतर पुस्तकांत वापरले. त्या पुस्तकात जे दृश्य जुन्या आणि नव्या करारांच्या तुलनेतील एक बाजू होते ते कापल्यावर केवळ एक प्रसंग झाले. लाकूड तेच, शेजार बदलला, अर्थही बदलला.

म्हणून या मुद्रांच्या आधारे तिसरी भूमिका मांडता येते. वस्तूचा नैतिक अर्थ वस्तूच्या मागेही नसतो आणि पृष्ठभागावरही नसतो. तो तिच्या शेजारात असतो. ही भूमिका स्वीकारली तर प्रतीक आणि रूपक यांची जुनी प्रतवारी टिकत नाही, कारण नीतिरूपक एकार्थी असते हे तिचे गृहीतकच कोसळते. परंतु त्याबरोबरच आपली जबाबदारीही वाढते. नीतिरूपकाची बहुअर्थता सिद्ध केली म्हणजे त्याची निर्दोषता सिद्ध होत नाही. सोर्गेलोसच्या मालिकेने १५४१ मध्ये एका शहराला गरिबांविषयी जे सांगितले ते अन्यायाचे होते, आणि त्या अन्यायाविरुद्धची साक्षही त्याच मालिकेच्या शेवटच्या पानावर आहे. समीक्षकाने या दोहोंपैकी एकीची निवड करून दुसरी झाकू नये. आक्षेप झाकून कलागुण दाखवणे आणि कलागुण झाकून आक्षेप दाखवणे, दोन्ही वेळी कापड हाती धरलेले असतेच.

वर्गातील त्या दोन रकान्यांचे मग काय करावे? ते मी अजून पुरते सोडलेले नाहीत. आरंभ करण्यास ते उपयोगी पडतात. मात्र आता त्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखतो : हे कोण म्हणतो, आणि याच्या आधी व नंतर काय आहे. पहिल्या चित्रातील कापडाचा अर्थ विद्यार्थी चटकन सांगतात. दहावे चित्र दाखवल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो. मग कोणीतरी विचारते की हा पडदा आता कोणाच्या हाती आहे, आणि नीतिरूपकाचे अध्यापन तेथून सुरू होते.